म्हातारपणी उजेड किती लागतो?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं पट्टी निघाल्यावर ज्या दोन तक्रारी करतात, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना एव्हाना पाठ झाल्या असतील. घरात इतकी धूळ केव्हा साचली, ही पहिली. आणि आपण इतके म्हातारे कधी झालो, ही दुसरी. सुरकुत्या काही एका रात्रीत आलेल्या नसतात. पाच-दहा वर्षं त्या तिथेच असतात. गढूळ झालेलं भिंग त्या पुसून दाखवत असतं, इतकंच. काही जण आणखी एक गोष्ट सांगतात. आभाळ भलतंच निळं दिसतंय, ट्यूबलाइटचा उजेड निळसर वाटतोय आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने पाहिलं तर तीच भिंत चहा सांडल्यासारखी पिवळट दिसतेय.

हा अनुभव सगळ्यात तपशिलात ज्याच्या हातून नोंदला गेला, तो एक चित्रकार होता. क्लोद मोनेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निदान १९१२ मध्ये झालं. ऑपरेशनची त्याला इतकी धास्ती होती की ते न करताच त्याने अकरा वर्षं काढली. नळ्यांवरची नावं वाचून रंग निवडायचे, पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून ठेवायची, अशा युक्त्यांवर तो रंगवत राहिला. जिव्हर्नीच्या त्याच्या बागेतल्या जपानी पुलाची त्या काळातली चित्रं लाल-तपकिरी रंगात इतकी पेटलेली आहेत की पूल शोधावा लागतो. अखेर १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, मित्र आणि माजी पंतप्रधान क्लेमांसोने (तो स्वतः डॉक्टरही होता) मागे लागून उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. मग मोनेची तक्रार उलटी झाली. आता सगळं निळं दिसतंय! रंगीत काचांचे चष्मे झाले, चिडचिड झाली. डाव्या डोळ्याला मात्र त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही.

मोनेचं भिंग पिवळं झालं तसं ते प्रत्येकाचंच होतं, फक्त कमी-जास्त वेगाने. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं एकदा बनली की शरीर ती बदलत नाही. भिंगाच्या गाभ्यातले तंतू तर आपण आईच्या पोटात असतानाच तयार झालेले असतात. कातडी झडते, रक्त नवं होतं, हाडसुद्धा हळूहळू बदलतं. हा गाभा तेवढा जन्मदाखल्यासारखा जपला जातो. २००८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मृतांच्या भिंगातला किरणोत्सारी कार्बन मोजून त्यांचं जन्मवर्ष बरंच अचूक सांगून दाखवलं. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत जो जादा कार्बन मिसळला, त्याची त्या-त्या वर्षाची खूण भिंगात राहून गेली होती. याच जातीच्या युक्तीने पुढे २०१६ मध्ये ग्रीनलंड शार्क माशांची वयं काढली आणि त्यांतली सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली.

इतकी वर्षं एकच वस्तू वापरात राहिली की तिच्यावर साठत जातं ते सगळं: ऊन, साखर, ऑक्सिजन. चाळिशी लागते ती भिंग ताठर झाल्याने. पिवळेपणा त्याच्या मागोमाग येतो आणि तो सगळ्यात आधी खातो निळा-जांभळा प्रकाश. त्यातच बाहुली आखडते. तरुणपणी अंधारात ती सात-आठ मिलिमीटर उघडायची, सत्तरीत पाचच्या आसपास अडकते. या दोहोंचा गुणाकार असा की साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली. पेपर वाचताना आजोबा दिव्याखाली सरकतात आणि नातवंडं म्हणतात, केवढा लखलखाट आहे की इथे. दोघंही खरं बोलत असतात.

पण आजोबांना स्वतःला खोली अंधारी झाल्यासारखी वाटत नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. भिंग पिवळं होत जातं तसा मेंदू आपला पांढरा रंग सरकवत नेतो. सत्तरीतल्या माणसाला पांढरा सदरा पांढराच दिसतो. ऑपरेशननंतर अचानक निळा लोंढा आत आला की हीच जुळणी पुन्हा नव्याने बसायला काही महिने लागतात. म्हातारपणाची जी पावती डोळ्याने रोज द्यायची, ती मेंदू परस्पर फाडून टाकतो. त्यामुळे उजेड कमी पडतोय हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवं, त्यालाच ते सर्वांत शेवटी कळतं.

उजेडाने नुकसान होतं हे आपल्याला माहीत असतं, पण भीती बरेचदा चुकीच्या जागी खर्च होते. ग्रहणाकडे पाहू नये हे खरं. सूर्याकडे टक लावल्याने पडद्याच्या मध्यभागी जी इजा होते ती दुखत नाही, कारण पडद्याला वेदना कळत नाही. दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसतो तेव्हा कळतं. पण ग्रहणात दारं-खिडक्या लावून बसणारे आपण वर्षाचे बाकीचे दिवस पाण्यावर, वाळूवर, उसाच्या फडात उघड्या डोळ्यांनी घालवणाऱ्यांचा विचार करत नाही. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात मासे-खेकडे पकडणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांत अतिनील-बी किरण दुप्पट गेले होते, त्यांच्यात भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूची शक्यता सुमारे १.६ पट निघाली. हा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा एवढ्यानेच ही मात्रा खूप उतरते. कोकणच्या किनाऱ्यावर यातलं काय दिसतं, ते कुणीही जाऊन पाहावं.

त्वचेची गोष्ट थोडक्यात. एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याचा डावा, खिडकीकडचा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हाताऱ्या माणसाचा वाटत होता. काच अतिनील-बी अडवते, अतिनील-ए बरेचसे आत सोडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा झळ उजव्या गालाला. सावळ्या कातडीत सुरकुत्या उशिरा येतात. ऊन आपल्या चेहऱ्यावर मुख्यतः डाग आणि वांग म्हणून उमटतं. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी साडेचार वर्षं चाललेल्या प्रयोगात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी वाढलेलं दिसलं. सौंदर्यप्रसाधनांच्या दुनियेत इतका नीट केलेला प्रयोग क्वचितच सापडतो.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळे जातात, हे मात्र मानायला आधार नाही. ढगाळ दिवशी आभाळातून डोळ्यांत जितका निळा प्रकाश येतो, त्यापुढे मोबाइलचा पडदा म्हणजे किस झाड की पत्ती. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही हाती लागलं नाही. पडद्यासमोर डोळे चुरचुरतात ते आपण पापण्या मिटायच्या विसरतो म्हणून. दुकानदार हे सांगणार नाही, कारण पापण्या फुकट मिटता येतात.

मुलांच्या बाबतीत तर दोष नेमका उलट दिशेला आहे. त्यांना उजेड कमी पडतो. चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची सिंगापूर आणि सिडनी अशी तुलना २००८ मध्ये झाली. सिंगापूरला २९ टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत फक्त ३.३ टक्के. आईवडिलांचे चष्मे दोन्हीकडे सारखेच. सिडनीची मुलं पुस्तकंही काही कमी वाचत नव्हती, उलट जास्तच वाचत होती. फरक होता तो घराबाहेर घालवलेल्या वेळाचा: आठवड्याला पावणेचौदा तास विरुद्ध तीन. पुढे चीनमधल्या ग्वांगझोच्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला, तर तीन वर्षांत नंबर लागलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं; तास न वाढवलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होतं. बहुधा तेज उजेडात डोळ्याच्या पडद्यामधून डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याच्या गोळ्याची लांबी वाढू देत नाही. तैवानने २०१० पासून शाळेत रोज दोन तास बाहेर, असा सरकारी कार्यक्रमच घेतला. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसाचे बारा-बारा तास ट्यूबलाइटखाली बसतात. त्यांच्या डोळ्यांची लांबी वाढण्याची वर्षं सरत आलेली असतात हे खरं, पण त्यांच्या शरीराच्या आतल्या घड्याळाचं काय, हा प्रश्न उरतोच.

घड्याळाची गोष्ट आपल्या लाजाळूपासून सुरू होते. १७२९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेरां याने एक लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे दिवस झाडाच्या आतही होता. माणसातला हा आतला दिवस एकटा पडला तर काय होतं, ते मिशेल सिफ्र या भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये स्वतःवर करून पाहिलं. आल्प्समधल्या स्कारासों गुहेत तो घड्याळाविना दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. जगण्यातले पंचवीस दिवस त्याच्या खाती जमाच झाले नव्हते. पुढे बव्हेरियात आंडेक्सला यासाठी बंकर बांधले गेले. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी माणसांना असंच वेगळं ठेवून अभ्यास केले. तिथे राहिलेल्या एका स्त्रीचं झोपेचं चक्र भरकटलं तरी मासिक पाळीचं चक्र आपल्या जागी राहिलं, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं.

या आतल्या घड्याळाला रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवतं कोण? उत्तर सापडायला विसावं शतक जवळजवळ संपलं, कारण ते डोळ्यातच होतं आणि डोळा दीडशे वर्षं चिरून पाहिलेला होता. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशी नष्ट झालेले, म्हणजे ठार आंधळे उंदीरही उजेडाप्रमाणे आपलं घड्याळ लावून घेतात, हे ब्रिटिश संशोधक रसेल फॉस्टर दाखवत होता आणि तज्ज्ञ ते मानत नव्हते. मग १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओला बेडकाच्या कातडीतल्या पेशींमध्ये मेलानॉप्सिन हे प्रकाश ओळखणारं द्रव्य मिळालं. २००२ मध्ये सिद्ध झालं की पडद्यातल्या मोजक्या चेतापेशींमध्ये तेच द्रव्य असतं, त्या स्वतःच उजेड ओळखतात आणि निळ्याला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्या चित्र पाहत नाहीत. किती उजेड आहे एवढंच मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात.

अंध माणसांना याचा अर्थ फार मोठा आहे. अकरा पूर्ण अंध व्यक्तींवर १९९५ मध्ये झालेल्या चाचणीत तिघांचं मेलाटोनिन (रात्री वाढणारं, झोपेशी जोडलेलं संप्रेरक) तेज उजेडात उतरलं. त्यांना तो उजेड दिसत नव्हता, पण पोचत होता. २००७ मध्ये तपासलेल्या ८७ वर्षांच्या एका अंध बाईंना निळा दिवा लागला आहे की नाही हे सांगता यायचं. कसं कळतं, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. दिसत नाही तो डोळा निकामीच, असं समजून काढून टाकण्याआधी आता थांबायला हवं, कारण काही वेळा त्या डोळ्याबरोबर रात्रीची झोप जाते.

आता दोन्ही धागे जोडून पाहा. घड्याळ लावणाऱ्या पेशींना हवा निळा प्रकाश, आणि वय वाढेल तसं पिवळं भिंग नेमका तोच अडवतं. टर्नर आणि मेनस्टर या डॉक्टरांनी २००८ मध्ये याचा हिशेब मांडला: दहा वर्षांच्या मुलाच्या तुलनेत पंचेचाळिशीत या पेशींना निम्मा उजेड पोचतो, पंचाहत्तरीत सहावा हिस्सा. चित्र दिसायला तेवढा पुरतो, घड्याळाला पुरत नाही. दुपारी डुलक्या, पहाटे तीनला टक्क जाग, संध्याकाळची घालमेल यांचा सगळाच दोष उजेडाला देता येणार नाही. पण काही दोष नक्की त्याचा आहे.

आणि आपण घरात काय करतो? आई-वडील थकले की त्यांची कॉट आतल्या खोलीत जाते. गडबड नको, वारं नको, ऊन नको. पडदे ओढलेले, दिवसभर एक ट्यूब. त्या खोलीत शे-दोनशे लक्स असतात. आषाढातल्या भरल्या आभाळाखाली सावलीच्या ओट्यावरही काही हजार लक्स मिळतात आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. डोळा इतका जुळवून घेतो की हा कित्येक पटींचा फरक आपल्याला 'जरा अंधार' एवढाच वाटतो. मग रात्री म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून त्याच खोलीत दिवा जळत ठेवायचा. दिवसाचा उपास आणि रात्री जेवण, असा हा प्रेमळ उलटा कारभार आहे. ज्याला जास्त उजेड हवा त्याला आपण सर्वांत कमी देतो आणि तो चुकीच्या वेळी देतो.

नेदरलँड्समधल्या बारा वृद्धाश्रमांत या उलट्या कारभाराची परीक्षा झाली. काही ठिकाणी दिवसभर छतावरून सुमारे १००० लक्स पडतील असे दिवे लावले, बाकीच्या ठिकाणी नेहमीचे. स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांची बुद्धीची घसरण थोडी मंदावली आणि उदासी १९ टक्क्यांनी कमी दिसली. बुद्धीवरचा परिणाम लहान होता, हे सांगितलं पाहिजे. दिव्यांनी कुणाची आठवण परत आली नाही. त्याहून मोठी पाहणी ब्रिटनमधली. तिथे ८८,००० हून अधिक लोकांच्या मनगटावर आठवडाभर प्रकाशमापक बांधले गेले आणि पुढे काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ज्यांच्या रात्री सर्वांत उजळ, त्यांच्यात मृत्यूचा धोका २१ ते ३४ टक्क्यांनी जास्त. ज्यांचे दिवस उजळ, त्यांच्यात १७ ते ३४ टक्क्यांनी कमी. इथे सावध राहायला हवं. जो धडधाकट आहे तोच उन्हात बाहेर पडतो. आजारी माणूस रात्री दिवा लावून बसतो. संशोधकांनी असे हिशेब वजा केले आहेत, पण सगळे वजा झाले असतील असं कोण सांगणार. त्यामानाने रात्री झोपेआधी चार तास ई-बुक वाचण्याचा गाजलेला प्रयोग घ्या. मेलाटोनिनचं चक्र दीड तास लांबलं, हे सगळे सांगतात. झोप फक्त दहाएक मिनिटांनी उशिरा लागली, हे कमी जण सांगतात.

उजेडाचा 'मी'शी असलेला संबंध याहून निसरडा आहे. इटलीतल्या उर्बिनोच्या जिओव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये पन्नास जणांना मंद दिव्याच्या खोलीत आरशासमोर दहा मिनिटं स्वतःकडे टक लावून बसवलं. दोन तृतीयांश जणांचे चेहरे विद्रूप होऊ लागले, जवळजवळ निम्म्यांना राक्षसी आकार दिसले. आणि १८ टक्के जणांना आरशात आपल्या आईचा किंवा वडिलांचा चेहरा दिसला. काहींचे ते वडीलधारे हयात नव्हते. भुताखेतांचं इथे काही नाही. मंद उजेडात एकाच जागी नजर रोखली की कडा विरायला लागतात, हे ट्रॉक्सलर या वैद्याने १८०४ मध्येच लिहून ठेवलं होतं. विरलेल्या जागा मेंदू भरतो आणि चेहरे भरण्यात त्याचा हात बसलेला असतो. म्हणजे आपला चेहरा आपलाच आहे, हा विश्वास टिकायलाही उजेडाची एक किमान मात्रा लागते. घरातली वडील माणसं संध्याकाळी आरशापाशी दचकतात, खोलीत कुणी परकं आहे म्हणतात, तेव्हा स्मृतिभ्रंशाचं नाव घेण्याआधी तिथला दिवा किती वॅटचा आहे हे पाहायला पैसे पडत नाहीत.

म्हातारा डोळा उजेडानेच तरुण करता येईल का, हाही प्रश्न आता प्रयोगशाळेत आहे. लंडनच्या ग्लेन जेफरी यांनी २०२० मध्ये २४ जणांच्या डोळ्यांवर रोज तीन मिनिटं ६७० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश टाकला. चाळिशीपुढच्यांची रंगांतला फरक ओळखण्याची क्षमता दोन आठवड्यांत थोडी सुधारली. कल्पना रोचक आहे, माणसं फार थोडी. ऑनलाइन मिळणारे लाल दिवे त्या भांडवलावर विकले जात आहेत, हे मला धोक्याचं वाटतं. चीनमध्ये मुलांचा नंबर रोखण्यासाठी वापरल्या गेलेल्या लाल प्रकाशाच्या यंत्राने एका बारा वर्षांच्या मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये झाली आहे.

त्यापेक्षा रोजच्या ऑपरेशन थिएटरमधला प्रश्न मोठा आहे. १९४९ मध्ये लंडनला हॅरल्ड रिडलीने डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले कॉकपिटच्या प्लॅस्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे पाहून त्याला ते सुचलं होतं. आपल्याकडे नेत्रशिबिरातून सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा लावून परतणारी पिढी त्यानंतरही पुष्कळ वर्षं होती. आजची भिंगं अतिनील किरण अडवतात, ते चांगलंच. पण काही कंपन्या पडद्याला संरक्षण म्हणून मुद्दाम पिवळसर भिंगं बनवतात, म्हणजे काढलेला पिवळेपणा परत बसवतात. त्याने पडद्याचा मध्यबिंदू वाचतो असा खात्रीचा पुरावा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याला मिळाला नाही. उलट बाजूने, ती घड्याळ बिघडवून झोप मोडतात असंही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. नैसर्गिक पिकलेल्या भिंगापेक्षा ती कितीतरी स्वच्छच असतात. माझा कल पारदर्शक भिंगाकडे आहे. ऑपरेशनच्या आधी काउंटरवर मात्र रुग्णाला भारतीय की इम्पोर्टेड आणि किती हजारांचं, एवढंच विचारतात. भिंगाचा रंग कोणता, हे आपणच विचारायचं असतं.